पुण्याहून पाचगणी-महाबळेश्वर: एका दिवसाची चव-सहल कशी आखावी आणि कशी न्यावी

महाबळेश्वरहून परतलेल्या पुणेकराला काय खाल्लं असं विचारलं की यादी ठरलेली असते: स्ट्रॉबेरी क्रीम, मक्याचं पॅटीस, चॉकलेट, चणे आणि जाताना हायवेला मिसळ. चव कशी होती असं विचारलं की उत्तर एकच, "मस्त!" त्यात त्या बिचाऱ्यांचा दोष नाही. सकाळी तर्रीदार मिसळ, वर दोन कटिंग, घाटात मळमळू नये म्हणून आलेपाक आणि मग स्ट्रॉबेरी. जिभेने सांगायचं तरी काय?

इथे सांगतोय ती सहल पोटभर खाण्याची नाही, चव घेण्याची आहे. आठ-दहा जणांनी पहाटे पुण्यातून निघायचं. वाई, पाचगणी, भिलार, महाबळेश्वर असं करत शेतातली स्ट्रॉबेरी, डोंगरातला मध, गावातलं जेवण आणि बाटलीतली सरबतं चाखायची आणि रात्री जेवायच्या वेळेला घरी यायचं. एका दिवसात हे आरामात बसतं, पण क्रम पाळला तरच. आधी तोंडात काय गेलं यावर पुढच्या घासाची चव ठरते. हा क्रम सांभाळायला, प्रसंगी वाईटपणा घ्यायला, घोळक्यात एक म्होरक्या लागतो. पुढचं सगळं त्या म्होरक्यासाठी.

दिवस कोणता निवडायचा

स्ट्रॉबेरीची लागवड सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, फळ नोव्हेंबरच्या अखेरीस सुरू होतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. चवीच्या दृष्टीने डिसेंबरचा मध्य ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. रात्री थंड, दिवसा स्वच्छ ऊन, त्यामुळे फळ सावकाश पिकतं आणि त्यात साखर नीट भरते. उन्हाळा तापला की फळ लहान आणि आंबट व्हायला लागतं. पण त्याच सुमारास तुती येते आणि मार्चनंतर जांभळाचा फुलोरा सुरू झाला की मधाचं काम जोरात असतं. म्हणजे स्ट्रॉबेरीसाठी जायचं तर जानेवारी, मधासाठी जायचं तर एप्रिल-मे. दोन्हीचा बरा मेळ हवा असेल तर फेब्रुवारीचा शेवट.

नाताळ ते नवीन वर्ष आणि २६ जानेवारीला जोडून आलेली सुट्टी हे दिवस सोडून द्या. पसरणी घाटात गाड्यांची रांग लागली की तुमचं वेळापत्रक वाईतच संपतं. शनिवार-रविवारऐवजी आठवड्याच्या मधल्या दिवशी रजा काढता आली तर निम्मं काम झालं. पावसाळ्यात जाऊच नका असं मी म्हणणार नाही, धुकं बघायला जरूर जा. पण चव-सहलीला तेव्हा शेतात काही नसतं.

माणसं आणि गाडी

आठ ते बारा माणसं. त्याहून जास्त झाली की शेतकऱ्याचं बोलणं मागच्यांना ऐकू जात नाही आणि मागचे मग फोटो काढत बसतात. दोन छोट्या गाड्यांपेक्षा एक टेम्पो ट्रॅव्हलर बरा, कारण चवीवरच्या निम्म्या गप्पा गाडीतच होतात. भाडं ठरवताना दिवसाचे किमान किलोमीटर किती ते आधी विचारा. बहुतेक जण बाहेरगावच्या फेरीला दिवसाला २५० ते ३०० किलोमीटरचं भाडं धरूनच चालतात. पुणे-महाबळेश्वर एका बाजूने साधारण १२० किलोमीटर, त्यामुळे तुम्ही त्या किमान आकड्याच्या आसपासच राहता. टोल, पार्किंग आणि ड्रायव्हरचा भत्ता यात धरलाय की वेगळा, हेही आधीच बोलून घ्या. पाचगणी आणि महाबळेश्वरला नगरपालिकेच्या नाक्यावर प्रवेशाची पावती फाडतात, तिथे सुटे पैसे लागतात. आणि ड्रायव्हरदादांना चाखण्यात सामील करून घ्या. त्यांना गाडीत बसवून ठेवणं बरं दिसत नाही, शिवाय त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या माणसाला कुठला माल कुठून येतो हे आपल्याहून जास्त ठाऊक असतं.

दोन दिवस आधी ग्रुपवर एक निरोप टाका. साधारण असा: त्या दिवशी अत्तर, बॉडी स्प्रे नको. पान, गुटखा, च्युइंगगम नको. सकाळी दात घासा, पण माउथवॉश नको. कोणाला मधुमेह असेल, कशाची ॲलर्जी असेल तर मला वेगळं कळवा. एक वर्षाखालचं बाळ बरोबर असेल तर त्याला मधाचं बोटसुद्धा चाटवायचं नाही, आजी काहीही म्हणोत. हा शेवटचा मुद्दा थट्टेचा नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यांत ते सहसा वाढू शकत नाहीत, तान्ह्या बाळाला मात्र त्यातून गंभीर आजार होऊ शकतो.

पिशवीत काय घ्यायचं

साधे, बिनमिठाचे चुरमुरे, अर्धा किलो. हे सगळ्यात महत्त्वाचं. दोन चवींच्या मध्ये जीभ कोरी करायला चार चुरमुरे आणि घोटभर पाणी यासारखं दुसरं काही नाही. बिस्किटात साखर असते, खाऱ्या शेंगदाण्यात मीठ आणि तेल, म्हणून ती नकोत. पाणी थर्मासमध्ये कोमट करून न्या, कारण गार पाण्याने जीभ बधिर होते आणि गोडी कमी लागते.

याशिवाय मधासाठी आइसक्रीमच्या लाकडी काड्या, माणशी किमान सहा. स्टीलच्या वाट्या, एक सुरी, फळं धुवायला पाच लिटरचा कॅन आणि एक चाळणी. एक पांढरी ताटली, कारण मधाचा आणि क्रशचा रंग पांढऱ्यावरच कळतो. कचऱ्यासाठी दोन मोठ्या पिशव्या, आणि त्या भरून परत पुण्यात आणायच्या. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालेला आहे, पण तो जाहीर नसता तरी आणायच्याच. प्रत्येकाला एक कागद आणि पेन्सिल द्या. त्यावर चारच रकाने: वास, पहिली चव, गिळल्यानंतर काय उरतं, आणि परत घ्यावंसं वाटतं का. दहापैकी गुण वगैरे नकोत. गुण आले की लोक एकमेकांच्या कागदात डोकावतात.

आदल्या दिवशीचे दोन फोन

पहिला शेतकऱ्याला. भिलार आणि आसपासच्या गावांत पुष्कळ जण शेत दाखवतात, ओळखीतून नंबर सहज मिळतो. तीन गोष्टी विचारा: सध्या कुठल्या जाती तोडणीला आहेत, शेवटची फवारणी कधी झाली आणि सकाळी साडेनऊला आलो तर चालेल का. फवारणी नुकतीच झाली असेल तर प्रामाणिक माणूस स्वतःच "दोन-चार दिवसांनी या" म्हणतो. अशा माणसाचा नंबर जपून ठेवा. चाखण्याचे पैसे वेगळे देणार हेही फोनवरच सांगा. 'आधी चव बघू, मग घेऊ' म्हणत अर्धा किलो फुकट फस्त करणारी गिऱ्हाइकं त्यांना रोज भेटतात.

दुसरा फोन जेवणासाठी, आणि तो दुपारी बारानंतर करून उपयोग नाही. गावात घरगुती जेवण आदल्या दिवशी सांगितलं तरच नीट मिळतं.

पहाटे साडेपाच: मिसळ नको

कात्रजहून साडेपाचला निघालात तर खेड-शिवापूरचा टोल, खंबाटकी, मग सुरूर फाट्याला उजवीकडे वळून पावणेआठपर्यंत वाई. नाश्ता वाईतच करायचा. हायवेला थांबायचं नाही, कारण तिथे थांबलं की मिसळ मागवली जातेच.

मिसळीशी माझं वैर नाही. पण मिरचीतलं कॅप्सेसिन तेलात विरघळतं, तर्रीबरोबर जिभेवर बसतं आणि बराच वेळ हलत नाही. दोन तासांनी स्ट्रॉबेरी खायची आहे, तेव्हा नाश्ता सौम्यच हवा: पोहे (मिरची बाजूला काढून), उपमा, इडली. तेही अर्धपोटी. चहा घ्या, पण फुंकून. जीभ भाजली की दिवस वाया. कोणी हट्टच धरला तर सांगा, परतीच्या वाटेवर मिसळ म्होरक्याच्या खर्चाने.

वेळ उरला तर ढोल्या गणपतीच्या घाटावर दहा मिनिटं पाय मोकळे करा. कृष्णेचा काठ सकाळी छान असतो. मेणवलीचा वाडा मात्र या खेपेला नाही.

पसरणी घाट बारा-तेरा किलोमीटरचा, वळणं पुष्कळ. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवा, खिडकी उघडी ठेवा, मोबाइल खाली ठेवायला लावा. गोळी घ्यायचीच असेल तर घाटाच्या अर्धा तास आधी, म्हणजे नाश्त्याबरोबर. आलेपाक, लवंग, लिमलेटच्या गोळ्या या चढणीला बंद. उतरताना खुशाल चघळा.

साडेनऊ: वाफ्यातली स्ट्रॉबेरी

पाचगणी ओलांडली की थोड्याच वेळात भिलारचा फाटा. दोन्ही बाजूंना गादीवाफे, त्यावर मल्चिंगचा, म्हणजे माती झाकायचा प्लास्टिकचा कागद, खाली ठिबकच्या नळ्या आणि कागदाच्या भोकांतून वर आलेली रोपं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हे आत शिरण्यापूर्वी एका वाक्यात सांगा आणि पुढचं बोलणं शेतकऱ्यावर सोपवा.

साडेनऊच का? तोडणी सकाळी होते. उन्हं चढायच्या आत फळ गार आणि घट्ट असतं, दुपारी तेच मऊ पडतं. स्ट्रॉबेरी आंब्या-केळ्यासारखी तोडल्यावर पिकत नाही. नंतर ती लाल होईल, मऊ होईल, पण गोडी वाढत नाही. झाडावर असताना जितकी साखर आली तितकीच. पुण्यात हातगाडीवर मिळणारी देठाजवळ पांढरट फळं प्रवासात टिकावीत म्हणून लवकर तोडलेली असतात. त्यामुळे शेतात उभं राहून खाल्लेलं पूर्ण पिकलेलं फळ ही पुण्यात विकत न मिळणारी चीज आहे. एवढ्या लांब यायचं ते यासाठीच.

तोडताना फळाला ओढायचं नाही. देठ फळाच्या वर बोटभर अंतरावर अंगठ्याच्या नखाने दाबायचा आणि हलकेच मनगट वळवायचं, टक्कन तुटतो. वाफ्यावर पाय द्यायचा नाही, मुलांनीसुद्धा. शहरातली माणसं सगळ्यात मोठं, सगळ्यात लाल फळ शोधत पुढे जातात, आणि मग एखादे मामा मागून म्हणतात, "लाल काय बघताय, देठाखालचं बघा की." पान हळूच उचलून बघायचं. हिरव्या टोपीखालपर्यंत लाली पोचली असेल आणि टोपीची पाकळी वर उलटलेली असेल, तर ते फळ तयार.

आता चाखणं. प्रत्येकाला फक्त तीन-चार फळं. चाळणीत धुवून घ्यायची, पण देठ न काढता. देठ आधी काढला तर पाणी आत शिरतं.

पहिल्या फळाचे सुरीने दोन आडवे तुकडे करा, टोकाकडचा आणि देठाकडचा. आधी देठाकडचा खा, मग टोकाकडचा. एकाच फळात गोडीचा इतका फरक असतो हे बहुतेकांना ठाऊक नसतं. टोक नेहमी जास्त गोड. उलट्या क्रमाने खाल्लं तर देठाकडचा तुकडा उगाच बेचव वाटतो.

दुसरं फळ नाक चिमटीत धरून खायचं. चावा, नुसतं आंबट-गोड लागेल, डोळे मिटले असतील तर फळ कुठलं तेही सांगता येणार नाही. मग नाक सोडा. वास आतून एकदम वर येतो आणि 'स्ट्रॉबेरी' तेव्हा कळते. हा खेळ मुलांना सगळ्यात आवडतो आणि मोठ्यांना दिवसभर उपयोगी पडतो, कारण नाकाशिवाय चव नाही हे एकदा पटलं की मधाच्या वेळी सांगावं लागत नाही.

तिसरं आणि चौथं फळ वेगवेगळ्या जातींचं. स्वीट चार्ली लवकर येणारी, गोड, आंबटपणा कमी. कॅमारोसा घट्ट, गडद, आंबटसर, प्रवासाला टिकाऊ. विंटर डॉन, नाबिला याही जाती आता शेतांत दिसतात. एकाच वाफ्याच्या अंतरावरच्या दोन जाती पाठोपाठ खाल्ल्या की 'महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी' असा एकच प्रकार नाही हे लक्षात येतं. कोणती चांगली? खायला स्वीट चार्ली, जॅमला कॅमारोसा, असं माझं मत. जॅममध्ये साखर भरपूर पडते, तिथे आंबटपणाच चव तारतो.

निघण्याआधी एक वेडंवाकडं फळ शोधून सगळ्यांना दाखवा. स्ट्रॉबेरीवरचे बारीक पिवळे दाणे ही खरी फळं, आणि आपण खातो ते फुलाच्या देठाचं फुगलेलं टोक. ज्या दाण्याचं परागीभवन झालं त्याच्या भोवतीचा गर फुगतो, ज्याचं राहिलं तिथे खड्डा पडतो. म्हणजे वाकडं फळ दिसलं की त्या फुलावर मधमाशी पुरेशी फिरली नसावी, किंवा थंडीचा तडाखा बसला असावा. इथून पुढे मधाकडे जायला याहून चांगली वाट नाही.

खरेदी आत्ता करायची नाही. पनेट, म्हणजे फळांचे प्लास्टिकचे छोटे डबे, बाजूला ठेवायला सांगा आणि परतताना उचला. दिवसभर बंद गाडीत ती शिजतील.

पावणेअकरा: जिभेला सुट्टी

लोक नेमकं हेच गाळतात. स्ट्रॉबेरीच्या आंबटपणानंतर जिभेला अर्धा-पाऊण तास काहीच देऊ नका, फक्त पाणी. भिलारमध्ये तो वेळ घालवायची सोय आयतीच आहे. २०१७ पासून हे पुस्तकांचं गाव आहे. गावातल्या घरांत विषयवार मराठी पुस्तकं मांडलेली असतात, कुठे कथा-कादंबरी, कुठे इतिहास, कुठे मुलांची. ओसरीवर बसून वाचा, कोणी हटकत नाही. घोळक्यातल्या एकदोघांना इथून उठवायला कष्ट पडतात, म्हणून त्यांना निघायची वेळ साडेअकराऐवजी सव्वाअकराची सांगा.

बारा: मध

महाबळेश्वरला राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, मध उत्पादकांची सहकारी संस्था 'मधुसागर' आहे, आणि तालुक्यातलं मांघर हे २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. एप्रिल-मेमध्ये जात असाल तर भिलारचा वेळ कमी करून मांघरला पेट्या बघायला जा. थंडीत गेलात तर महाबळेश्वरातलीच बैठक पुरे. ज्यांना खोलात शिरायचंय त्यांच्यासाठी पुण्यातच, शिवाजीनगर भागात, केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे.

मध स्ट्रॉबेरीच्या नंतरच. उलटं केलंत तर मधाने गोडीची पातळी इतकी वर जाते की उत्तम स्ट्रॉबेरीसुद्धा चिंचेसारखी लागते.

तीन प्रकार घ्या, फार तर चार, आणि फिक्याकडून गडदाकडे जा. सह्याद्रीत मधाला जांभूळ, हिरडा, गेळा, पिसा अशी झाडं आहेत, आणि कारवी फुलते त्या वर्षी कारवी. ही कारवी साधारण सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, त्यामुळे दरवर्षी 'ताजा कारवीचा मध' विकणाऱ्याकडे जरा निरखून बघा. जांभळाचा मध गडद, आणि गोडीमागे किंचित तुरट-कडवट. पहिल्यांदा चाखणारे हमखास तोंड वाकडं करतात आणि दुपारी तोच विकत घेतात.

काडी मधात बुडवून वर उचला आणि धार पांढऱ्या ताटलीत पडू द्या. दाट मधाची धार सलग राहते, ताटलीत क्षणभर घडीवर घडी पडते आणि मग ती सावकाश सपाट होते. पातळ मध पडताक्षणी पसरतो. रंग बघा, वास घ्या, मग काडी जिभेवर टेकवून तोंड मिटा आणि मध अंगच्या उबेने विरघळू द्या. गिळल्यावर पाच-सात श्वास थांबा. काही मध घशात हलकेच खवखवतो, काही लगेच नाहीसा होतो, काहींचा फुलासारखा वास नाकात रेंगाळतो. कागदावर लिहायचं ते हेच. एकदा तोंडात गेलेली काडी पुन्हा बरणीत नाही. सहा काड्या न्यायला सांगितल्या त्या याचसाठी. दोन मधांच्या मध्ये चुरमुरे आणि पाणी.

विकणाऱ्याला काय विचारायचं? माशी कुठली: पेटीतली सातेरी, की कड्यावर मोठं एकच पोळं लावणारी आग्या? फुलोरा कुठला, महिना कुठला? मध यंत्राने काढला की पोळं पिळून? पिळलेल्या मधात पोळ्यातली अंडी-अळ्या चिरडल्या जातात, यंत्राने काढला तर पोळं शाबूत राहतं आणि माशा ते पुन्हा भरतात. आग्याचा मध बऱ्याचदा पातळ असतो. नियमाप्रमाणे मधात पाण्याचा अंश २० टक्क्यांहून जास्त चालत नाही. पाणी जास्त असलेला मध आंबू शकतो, झाकण उघडताना फस् आवाज आला तर समजून घ्या.

कोणीतरी काडेपेटी काढून "बघा, पेटतोय म्हणजे अस्सल" असं म्हणेलच. ग्लासभर पाण्यात थेंब टाकणं, कागदावर ठेवून बघणं, कुत्रा खातो की नाही बघणं, यातली एकही परीक्षा भेसळ पकडत नाही. साखरेचा दाट पाकसुद्धा या सगळ्यांत पास होतो. खरी तपासणी प्रयोगशाळेतच होते. आणि रवाळ झालेला मध म्हणजे साखर मिसळलेली, हाही गैरसमज. मधातलं ग्लुकोज थंडीत आपोआप स्फटिक धरतं, कुठल्या मधात लवकर, कुठल्यात उशिरा.

दीड: जेवण

पुन्हा भिलारकडे उतरा. परतीच्या वाटेवरच आहे. चाखण्याचा नाजूक भाग संपला, आता तिखटाला परवानगी.

आदल्या दिवशी फोनवर सांगताना पनीर, व्हेज कोल्हापुरी या फंदात पडू नका. नाचणीची नाहीतर ज्वारीची भाकरी, पिठलं, घेवड्याची आमटी, खर्डा, कांदा, ताक. साताऱ्याकडचा वाघ्या घेवडा मिळाला तर सोडू नका. हा कोरेगाव भागातला, अंगावर पट्टे असलेला, भौगोलिक मानांकन मिळालेला घेवडा आहे. शिजल्यावर साल कातडीसारखी वेगळी लागत नाही आणि आमटीला आपोआप दाटपणा येतो. खर्डा भाकरीवर मधोमध नको, कडेला घ्या. पहिला घास नुसत्या भाकरीचा घ्या आणि सावकाश चावा. नाचणीला मातकट, हलका कडवट गोडवा असतो, तो पिठल्याखाली दबून जातो. एवढा एक घास झाला की मग कागद-पेन्सिल ठेवून द्या आणि जेवा.

ताक मात्र शेवटी. मधे मधे प्यायलात तर खर्ड्याची मजा जाते, कारण दुधातली प्रथिनं कॅप्सेसिनला जिभेवरून ओढून नेतात. म्हणूनच तिखट लागल्यावर पाण्याने भागत नाही आणि ताकाने भागतं.

तीन: बाटल्या आणि बरण्या

आता गुरेघरच्या बाजूची मोठी दुकानं. मॅप्रोची सुरुवात १९५९ मध्ये पाचगणीत झाली आणि आज त्यांच्या बागेत चाखायला क्रश, सिरप, जॅम ठेवलेले असतात. मालाज आणि इतर छोटे उत्पादकही आहेत. इथे गर्दी, गाणी, सेल्फी असं सगळं असतं, तेव्हा म्होरक्याने घोळका एका कोपऱ्यात घ्यावा.

चाखायला ठेवलेलं सरबत बहुतेक वेळा गार आणि गोड असतं, त्यात फरक कळत नाही. त्याऐवजी लेबल वाचा, तेही चव घेण्याइतकंच मजेशीर आहे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, म्हणजे साखर पहिली असेल तर फळापेक्षा साखर जास्त. क्रशमध्ये नियमानुसार फळाचा अंश किमान २५ टक्के हवा. जॅममध्ये साधारणपणे ४५ टक्के लागतो, पण स्ट्रॉबेरी आणि रासबेरीच्या जॅमला २५ टक्क्यांची सूट आहे. तेव्हा दोन स्ट्रॉबेरी जॅम शेजारी ठेवून कोणात फळ किती ते ताडून बघा. कुठे दुप्पट फरक निघतो. तुतीचा क्रश मिळाला तर तो आधी बिनपाण्याचा, काडीच्या टोकावर घ्या. मग एकास चार पाण्यात. काही क्रश पाण्यात उघडतात, काही नुसते पातळ होतात.

स्ट्रॉबेरी क्रीम आता खा. साय जिभेवर पातळ थर धरते, त्यानंतर बारीक चव कळत नाही, म्हणून ते शेवटी ठेवलं. एक वाटी दोघांत पुरते.

वाइनचं कोणी विचारेल. ती सहल वेगळी, तिला नाशिककडे जायचं आणि मुक्काम करायचा. घाट उतरायच्या दिवशी नको.

काय वगळायचं

वेण्णा लेक, घोडे, सनसेट पॉइंट. सूर्यास्त बघायला थांबलात तर घाट अंधारात उतरावा लागतो आणि पुण्यात पोचायला अकरा. पॉइंटवर खाऊ हातात घेऊन फिरू नका, माकडं सरळ पिशवीवर झडप घालतात. टेबल लँडला अर्धा तास द्यायला हरकत नाही, पण तेही सगळ्यांचे पाय दुखत नसतील तर.

साडेचार: खरेदी, आणि घरी गेल्यावर

रस्त्याकडेला पानांसकट जुड्या बांधलेले लाल मुळे आणि आखूड गाजरं घ्या. मुळा झणझणीत असतो, तो गाडीतच मिठाबरोबर संपतो. गरम चणे गाडीसाठी. मधाची बाटली घेताना कागदावर 'परत घ्यावंसं वाटतं' या रकान्यात ज्याच्यापुढे हो लिहिलंय तोच घ्या. दुकानात उभं राहून बेत बदलू नका. मग शेतात ठेवलेली पनेट उचला आणि पाचला पाचगणी सोडा.

हिशोब खेड-शिवापूरच्या आत मिटवा. स्वारगेटला गाडी थांबली की माणसं हाती लागत नाहीत.

घरी पोचल्यावर कितीही दमला असाल तरी पनेट तशीच फ्रिजमध्ये ढकलू नका. उघडा, एकही फळ चेपलेलं किंवा बुरशी धरलेलं असेल तर ते काढून टाका, नाहीतर सकाळपर्यंत शेजारची चार जातात. बाकीची न धुता, ताटात कागद पसरून एका थरात ठेवा. खायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा, तेव्हाच धुवा. दोन-तीन दिवसांत संपतील तेवढीच तशी ठेवा, उरलेल्यांचा दुसऱ्याच दिवशी साखर घालून मुरंबा करा. मध फ्रिजमध्ये नको, तिथे तो लवकर रवाळ होतो. झालाच तर बाटली कोमट पाण्यात उभी करून ठेवा, गॅसवर कधीच नाही.